बाकी उणे शून्य रुपये: एका परतफेड तक्त्याचं प्रकरण

एका पतसंस्थेचं काम होतं. कर्ज मंजूर झालं की सभासदाच्या हातात परतफेडीचा तक्ता द्यायचा: हप्ता क्रमांक, हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल आणि उरलेली बाकी. प्रत्येक शाखेची आपापली एक्सेल फाइल होती आणि कोणत्याही दोन शाखांचे आकडे पैशापर्यंत जुळत नव्हते. म्हणून हिशोब एका जागी आणून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातलं पांडाज हे तक्ते हाताळायचं साधन वापरून तक्ता काढायचं ठरलं. गणिताबद्दल कुणालाच शंका नव्हती. मागणी फक्त दिसण्याची होती: स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी पडले पाहिजेत, पैसे दोन अंकी हवेत आणि सभासदाच्या प्रतीवर मराठी आकडे हवेत. "बाकी तुमचं तुम्ही बघा," असं व्यवस्थापक म्हणाले. पुढे सगळं काम त्या बाकीनेच लावलं.

चाचणीसाठी घेतलेलं कर्ज सोपं होतं: १०,००,००० रुपये, द.सा.द.शे. १२, मुदत १२० महिने. महिन्याला १ टक्का व्याज. नेहमीच्या सूत्राने हप्ता येतो १४,३४७.०९४८४ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज १०,०००, मुद्दल ४,३४७.०९ आणि बाकी ९,९५,६५२.९१. कॅल्क्युलेटरवर कुणीही पडताळून पाहावं.

पांडाजला तक्त्याच्या पहिल्या पाच ओळी दाखवायला सांगितल्या, तर बाकीच्या स्तंभात ९९५६५२.९०५१६०, ९९१२६२.३३९३७२ असे आकडे आले. सहा दशांश स्थळं जास्तच, पण वाचता येतात. मग पूर्ण तक्ता छापायला सांगितला, आणि तोच पहिला आकडा ९.९५६५२९ई+०५ असा झाला. अख्खा स्तंभ घातांकात, म्हणजे ९.९५६५२९ गुणिले १० चा पाचवा घात अशा रूपात. व्यवस्थापकांनी चष्मा वर करून विचारलं, "अहो, हा मधेच ई कुठून आला?"

प्रश्न योग्य होता. ओळ तीच, आकडा तोच, मग पाच ओळी दाखवताना एक रूप आणि पूर्ण तक्त्यात दुसरं का?

ई कुठून आला

पांडाज आकड्याचं रूप एकेका आकड्यासाठी ठरवत नाही, स्तंभासाठी ठरवतं. ठरवलेली अचूकता सहा स्थळांची असते. स्तंभात शून्य नसलेला, पण रुपयाच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान असा एक जरी आकडा सापडला, तरी सहा स्थळांत तो ०.०००००० असा दिसेल. असं दाखवणं म्हणजे दिशाभूल, म्हणून पांडाज सगळा स्तंभ घातांकात टाकतं. पहिल्या पाच ओळींत असा आकडा नव्हता. पूर्ण तक्त्यात मात्र १२०वी ओळ होती. (तक्ता साठ ओळींहून मोठा असला की पांडाज पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच ओळी दाखवतं, त्यामुळे शेवटची ओळ हमखास येतेच.)

१२०व्या ओळीत बाकी शून्य असायला हवी. ती शून्य नव्हती. दशांशचिन्हानंतर शून्यांची रांग आणि तिच्या टोकाला काही फुटकळ अंक, असा शेष तिथे होता. संगणक आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत (बिटांत) साठवतो आणि अशा साठवणीत ५३ बिटांची मर्यादा असते. ०.१ हा साधा आकडासुद्धा तिथे तंतोतंत बसत नाही. पायथनला ०.१ + ०.२ विचारलं तर ०.३०००००००००००००००४ हे उत्तर येतं, ते यामुळेच. १२० महिने गुणाकार आणि वजाबाक्या करत गेल्यावर कणभर कचरा उरतो, तो शेवटच्या ओळीत साचतो.

म्हणजे ई हा छपाईचा दोष नव्हता. कर्ज पूर्ण फिटत नाही, हे पांडाज सांगत होतं. त्या वेळी ते कुणी ऐकलं नाही, कारण ई घालवणं फार सोपं होतं.

प्रत्येक गणिती प्रणालीची या बाबतीत आपली खोड असते. मॅटलॅब अख्ख्या सारणीतून एक समान गुणक बाहेर काढतं आणि वर १.०ई+०५ लिहून खाली लहान आकडे मांडतं. ती वरची ओळ नजरेतून सुटली की वाचणारा लाखाच्या जागी एकक वाचतो. आर भाषा आणखी मजेशीर आहे. साधं आणि घातांकी अशा दोन्ही रूपांची लांबी मोजून जे आखूड असेल ते ती निवडते, बरोबरी झाली तर साधं. १२३४५६ जसंच्या तसं छापलं जातं. पण १००००० लिहायला सहा अक्षरं लागतात आणि १ई+०५ला पाच, म्हणून बरोबर एक लाखावर आर घातांकात जातं. एक लाख ही रक्कम जिथे रोज लागते, तिथे हा नियम फार नडतो. सायपेन नावाचा पर्याय वाढवून तो आवरता येतो. नमपाय या पायथनच्या गणिती साधनात सप्रेस नावाचा पर्याय तेच काम करतो.

पहिला उपाय आणि उणे शून्य

पांडाजमध्ये फ्लोट-फॉरमॅट नावाची जागा आहे. तिथे आपलं फंक्शन (ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा) दिलं की स्तंभाचा नियम बाजूला पडतो आणि प्रत्येक आकडा त्या फंक्शनमधून जातो. पायथनच्या रचनेत (आकडा कसा छापायचा याच्या सूचनेत) स्वल्पविराम आणि दोन दशांश मागितले की काम झालं. ई गेला. ९९५,६५२.९१ दिसू लागलं.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे स्वल्पविराम तीन-तीनवर पडत होते, त्याकडे पुढे येतो. दुसरी जास्त विचित्र होती. काही कर्जांच्या तक्त्यात शेवटची बाकी ०.०० यायची आणि काहींच्या -०.००. उरलेला कण धन असेल तर शून्य, ऋण असेल तर उणे शून्य. पायथन आधी चिन्ह लिहितं, मग आकडा दोन स्थळांवर आणतं. आकडा शून्य झाला तरी चिन्ह तसंच राहतं. हे इतक्या जणांना टोचलं की पायथन ३.११ पासून रचनेत झेड हे अक्षर टाकून उणे शून्याचं नुसतं शून्य करून घेता येतं.

झेड टाकलं असतं तर उणं गेलं असतं. वसुलीचं काम बघणारे लिपिक मात्र ती प्रत घेऊन बसले होते. त्यांना चिन्हाची फिकीर नव्हती. त्यांनी १४,३४७.०९ ला १२० ने गुणलं: १७,२१,६५०.८०. तक्त्याच्या तळाशी एकूण रक्कम छापली होती १७,२१,६५१.३८. फरक ५८ पैसे. "साहेब, सभासदाने बेरीज केली तर मी काय सांगू?"

तळाची बेरीज पूर्ण दशांशांच्या हप्त्यांची होती, वरचे हप्ते दोन स्थळांवर आणून छापलेले होते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण कागदावर एकत्र आले की चूक. आकड्यांची सजावट कितीही बदलली तरी हे ५८ पैसे जाणार नव्हते.

लाख-कोटीचा स्वल्पविराम

हा भाग सगळ्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटत होता आणि खरं तर तो सर्वांत सोपा निघाला. तरी त्यातले खड्डे सांगण्यासारखे आहेत.

पायथनच्या रचनेतला स्वल्पविराम २००९ साली ३.१ आवृत्तीत आला आणि तो कायम तीन-तीन अंकांवर पडतो. बदलायची सोय नाही. गंमत म्हणजे सी भाषेच्या १९८९च्या मानकातच अंकांचे गट कसे पाडायचे याची यादी देता येते: आधी ३, मग २, आणि शेवटचा आकडा पुढे पुन्हा पुन्हा लागू होतो. आपली पद्धत त्यात चपखल बसते. पायथनचं लोकेल मॉड्यूल हीच यादी वापरतं; लोकेल म्हणजे भाषा आणि देशानुसार आकडे लिहायचे नियम. लिनक्सवर भारतीय इंग्रजीचं लोकेल लावलं की १२,३४,५६७ छापलं जातं.

पण ते लोकेल यंत्रावर असावं लागतं. कार्यक्रम त्याच्या सामग्रीसह बांधून चालवणाऱ्या डॉकर या साधनाच्या सडपातळ प्रतिमांमध्ये (बांधलेल्या संचांमध्ये) ते नसतं, तिथे 'असं लोकेल चालत नाही' म्हणून कार्यक्रम थांबतो. शिवाय लोकेल एका फंक्शनपुरतं बदलत नाही, पूर्ण प्रक्रियेला लागू होतं. एकाच वेळी दोन विनंत्या चालू असतील तर एकीने केलेला बदल दुसरीच्या आकड्यांत उतरतो. सर्व्हरवर हा मार्ग मी तरी घेणार नाही.

म्हणून दहा-बारा ओळींचं स्वतःचं फंक्शन. शेवटचे तीन अंक वेगळे काढायचे, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट पाडायचे, मधे स्वल्पविराम. शाळेत शिकलेली स्थानिक किंमत, दुसरं काही नाही. मात्र क्रम चुकला की घोटाळा. आधी पूर्णांक भागाचे गट पाडले आणि मग दशांश भाग दोन स्थळांवर आणला, तर ९९९९९९.९९६ चं काय होईल? पूर्णांक भाग ९,९९,९९९ असा आधीच गोठलेला, दशांश भाग वर सरकून १.०० झालेला, आणि हातचा घ्यायला कुणी नाही. आधी पूर्ण आकडा दोन स्थळांवर आणला की १०,००,०००.०० मिळतात. असा आकडा चाचणीत सहसा येत नाही, म्हणून तो मुद्दाम घालावा लागतो.

दुसरा खड्डा अर्ध्या पैशाचा. पायथनमध्ये २.६७५ दोन स्थळांवर आणा, २.६७ मिळतात, कारण आत साठवलेला आकडा २.६७५ पेक्षा किंचित कमी असतो. ०.१२५ आत तंतोतंत बसतो, तरी उत्तर ०.१२ येतं, कारण बरोबर अर्ध्यावर असताना सम अंकाकडे झुकायचा नियम आहे. संख्याशास्त्राला तो नियम योग्य. वसुलीच्या लिपिकाला मात्र अर्धा पैसा वर गेलेलाच माहीत असतो आणि कागदावर त्याचाच नियम चालला पाहिजे.

मराठी अंकांचं काम एका ओळीचं: दहा अंकांना दहा अंक नेमून द्यायचे. देवनागरी अंकांना काना-मात्रा लागत नाहीत, प्रत्येक अंक म्हणजे एकच चिन्ह, त्यामुळे स्तंभाची रुंदी बिघडत नाही. बिघडते ती शीर्षकांची. 'बाकी' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पायथन तो चार मोजतं आणि तेवढी जागा सोडतं. शीर्षकांसाठी रुंदी हाताने ठरवून दिली. सुखद धक्का हा की पायथन मराठी अंक वाचतंसुद्धा: '१२३' हा मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला तर निमूटपणे १२३ मिळतात. स्वल्पविराम असला की मात्र नकार.

मोबाइलवरच्या पावतीसाठी हे फंक्शन लागलंच नाही. जावास्क्रिप्टमध्ये मराठी-भारत असं लोकेल दिलं की गट आणि मराठी अंक दोन्ही आपोआप येतात. हिंदी-भारत दिलं तर गट लाखाचे, पण अंक इंग्रजी. तिथे आठवणीने किमान दोन दशांश मागावे लागतात, नाहीतर नव्वद पैसे नुसते .९ छापले जातात.

मजकूर झालेले आकडे

फ्लोट-फॉरमॅट फक्त पडद्यापुरता असतो. तक्ता सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) काढला की सगळे दशांश पुन्हा दिसतात, कारण ती सेटिंग तिथे लागूच होत नाही. हे बघून संस्थेच्या संगणक विभागातल्या एका मुलाने सरळ मार्ग काढला: तक्त्यातले आकडेच फंक्शनमधून काढून त्यांच्या जागी स्वल्पविरामवाला मजकूर ठेवला. पडदा, फाइल, छपाई, सगळीकडे एकच रूप.

दुसऱ्या दिवशी व्याजाची बेरीज मागितली, तर उत्तर आलं १०,०००.००९,९५६.५३ आणि पुढे ओळभर अंक. पांडाजने मजकुराला मजकूर जोडला होता. क्रम लावला तर १०,०००.०० हे ९,९५६.५३ च्या आधी, कारण १ हे अक्षर ९ च्या आधी येतं. यातली जोडलेली बेरीज निदान लगेच डोळ्यात येते. चुकलेला क्रम महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथे शिस्त लागली. तक्त्यातले आकडे आकडेच राहतील. रूप द्यायचं ते दाराशी, आणि दारं तीन. पडद्यासाठी आणि छापील प्रतीसाठी पांडाजचं स्टाइल, जे मूळ तक्त्याला हात न लावता वेगळं एचटीएमएल (वेबपानाचा मजकूर) तयार करतं. सीएसव्ही दुसऱ्या यंत्रासाठी असते, तिच्यात स्वल्पविराम नको, मराठी अंकही नकोत. एक्सेलच्या फाइलमध्ये आकडा तसाच ठेवून त्याच्या खान्याला रचना द्यायची. ही रचना तीन तुकड्यांची असते: कोटीच्या वर एक, लाखाच्या वर दुसरी, बाकी सगळ्याला तिसरी. एक्सेल दोनच अटी घेऊ देतं, त्यामुळे ऋण आकड्यांना जागाच उरत नाही, ते तिसऱ्या तुकड्यात पडून तीन-तीनचे स्वल्पविराम घेतात. परतफेडीच्या तक्त्यात ऋण आकडा येत नाही म्हणून चाललं. ताळेबंदासाठी हीच रचना कुणी उचलली तर चालणार नाही.

खरा आकडा कोणता

५८ पैसे तसेच होते. आणि व्याजदर बदलला की नवा तक्ता कुठल्या बाकीपासून सुरू करायचा, हा प्रश्न त्याच सुमारास आला. आतल्या ९,९५,६५२.९०५१५९७ पासून, की छापलेल्या ९,९५,६५२.९१ पासून?

गणिती सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला पहिलं उत्तर आपोआप सुचतं. त्यामागे मोठा दाखला आहे. एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने १९६१ साली जुनी गणना मधूनच पुन्हा सुरू करण्यासाठी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा यंत्राला दिला. यंत्राच्या आत तो ०.५०६१२७ होता, छपाई तीनच स्थळं दाखवत होती. थोड्याच वेळात दोन हवामानांचा एकमेकांशी संबंध उरला नाही आणि त्यातून केऑस सिद्धांताला (सुरुवातीच्या कणभर फरकाने पुढचं सगळं बदलू शकतं, हे सांगणाऱ्या) वाट मिळाली. तेव्हापासून छापलेला आकडा आत परत घालू नये, हे शिकवलंच जातं.

हवामानाला ते लागू आहे, कारण तिथे आतला आकडा वास्तवाच्या जास्त जवळ असतो. कर्जखात्यात उलट आहे. सभासदाने सही केली ती छापलेल्या आकड्यावर. त्याने भरले ते १४,३४७ रुपये आणि काही पैसे; ०.०९४८४ रुपये कुणी भरू शकत नाही. ९,९५,६५२.९०५१५९७ एवढी बाकी या जगात कुणाचीच नसते. इथे कागदावरचा आकडा खरा आणि आतले दशांश हे त्याचं अंदाजे चित्र. लिपिकांना हे पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून तर त्यांनी चिन्हाकडे न बघता थेट गुणाकार केला.

एवढं मान्य केल्यावर दोन स्थळांवर आणणं हे छपाईचं काम राहत नाही, ते हिशोबातच करावं लागतं. मग फ्लोट, म्हणजे द्विमान पद्धतीत साठवलेले ते दशांश आकडे, काढून टाकले. सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात. महिन्याचं १ टक्का व्याज म्हणजे बाकीच्या पैशांत ५० मिळवून १०० ने पूर्णांक भागाकार: अर्धा पैसा आपोआप वर जातो. हप्ता पूर्ण रुपयात करायचा का आणि वर की खाली, हे संचालक मंडळाने ठरवायचं होतं. खाली १४,३४७ ठेवला तर शेवटचा हप्ता सुमारे २२ रुपयांनी वाढतो. वर १४,३४८ ठेवला तर शेवटचा हप्ता सुमारे २०८ रुपयांनी कमी होतो. मंडळाने वरचा घेतला. शेवटच्या हप्त्याला सभासदाला जादा मागण्यापेक्षा कमी मागणं बरं, हा त्यांचा विचार, आणि मला तो पटला.

नव्या तक्त्याच्या पहिल्या ओळी अशा निघतात. पहिल्या महिन्यात व्याज १०,०००.००, मुद्दल ४,३४८.००, बाकी ९,९५,६५२.००. दुसऱ्यात व्याज ९,९५६.५२, मुद्दल ४,३९१.४८, बाकी ९,९१,२६०.५२. तिसऱ्यात व्याज ९,९१२.६०५२ येतं, ते ९,९१२.६१ धरलं जातं, मुद्दल ४,४३५.३९, बाकी ९,८६,८२५.१३. कुठलाही स्तंभ कॅल्क्युलेटरवर बेरीज करा, तळाशी तोच आकडा. शेवटच्या ओळीत शून्य, आणि पूर्णांकांत उणे शून्य नावाची चीजच नसते. ई यायलाही कारण उरलं नाही.

छपाईच्या फंक्शनचं वजन मग निम्म्याने कमी झालं. पैसे १०० ने भागायचे, भागाकार म्हणजे रुपये, भागून उरलेली बाकी म्हणजे पैसे. एकच सावधगिरी: पायथनचा पूर्णांक भागाकार ऋण आकड्यांना खाली ढकलतो. उणे ५ पैसे १०० ने भागले तर भागाकार उणे १ आणि बाकी ९५, म्हणजे फंक्शन -१.९५ छापेल. चिन्ह आधी बाजूला काढून ठेवायचं, मग भागायचं. परतफेडीत याची गरज पडत नाही, पण सभासदाने जास्त भरलेली रक्कम दाखवताना पडते.

जुन्या कर्जांना हात लावलेला नाही. त्यांच्या तक्त्यांवर सह्या आहेत आणि शेवटच्या ओळीतल्या पैशांसकट तेच तक्ते लागू आहेत. कर्जवाटपाच्या तारखेवरून कोड ठरवतो की कुठली पद्धत लावायची. जुनी शाखानिहाय एक्सेलची सूत्रं त्यासाठी एकेक उकलून घ्यावी लागली, आणि त्यातल्या एका शाखेचा हप्ता चार दशांशांवर कापलेला होता. तो तसाच ठेवला आहे.